घट्ट वेटसूट घालणे आणि काढणे : घर्षण, ताण व योग्य क्रम

१. प्रस्तावना

ऑक्टोबर ते मे या काळात मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगसाठी येणाऱ्यांमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या मोठी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात बोटी उभ्या राहतात आणि पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाच्या हातात एक काळा, जाड, रबरासारखा सूट दिला जातो. पुढची पंधरा मिनिटे तो अंगात चढवण्यात जातात. कोणाचा पाय पोटरीत अडकतो, कोणी चेन पुढे घेऊन बसतो, कोणाची चेन पाठीच्या मध्यावर थांबते. पाण्यात उतरायच्या आधीच माणूस घामाघूम आणि थोडा घाबराघुबरा झालेला असतो. पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्याला हे परवडणारे नाही, कारण तिथे शांत श्वास हीच सुरक्षिततेची पहिली अट असते.

वेटसूट चढवणे हे ताकदीचे काम आहे असा समज आहे. प्रत्यक्षात ते घर्षणाचे गणित आहे. स्थापत्य, यंत्र किंवा उपयोजित यांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातले सगळे घटक पहिल्या वर्षापासून माहीत असतात. या टिपणात ते एकत्र मांडून त्यातून घालण्याचा आणि काढण्याचा क्रम काढला आहे.

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- वेटसूट घट्ट का असावा लागतो हे सांगता येईल.
- सूट सरकवण्यासाठी लागणाऱ्या बलाचा अंदाज काढता येईल.
- सूट घालण्याचा व काढण्याचा क्रम कारणांसह सांगता येईल.
- गळ्यावरील दाब आणि उष्णता यांचे धोके ओळखता येतील.

२. वेटसूट म्हणजे काय आणि तो घट्ट का असतो?

वेटसूट निओप्रीनचा बनवतात. हे कृत्रिम रबर ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झाले. सूटसाठी वापरतात तो निओप्रीनचा फेस असतो. त्यात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात आणि प्रत्येक बुडबुडा आपल्या कप्प्यात बंद असतो. स्पंजासारखे त्यात पाणी शिरत नाही. या फेसाच्या पत्र्याला एका किंवा दोन्ही बाजूंनी नायलॉनसारखे विणलेले कापड चिकटवलेले असते.

१९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी या सूटची कल्पना मांडली. त्यांचा मुद्दा साधा होता : माणसाला ऊबदार राहण्यासाठी कोरडे राहण्याची गरज नाही. ऊब पाण्याने नव्हे, तर कापडात अडकलेल्या वायूने टिकते. पाण्याची उष्णतावाहकता सुमारे ०.६ वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विन आहे आणि हवेची सुमारे ०.०२६. म्हणजे पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. निओप्रीनच्या फेसाची वाहकता हवेच्या जवळपास, सुमारे ०.०५ असते.

सूटमध्ये थोडे पाणी शिरतेच, म्हणून त्याचे नाव 'वेट'सूट. ते पाणी अंगाच्या तापमानाला आले की तिथेच थांबले पाहिजे. सूट ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीला आतले कोमट पाणी बाहेर जाते आणि बाहेरचे गार पाणी आत येते. मग सूट घातला काय आणि न घातला काय, सारखेच. म्हणून वेटसूट सर्वत्र अंगाला चिकटून बसला पाहिजे. घट्टपणा हा त्याचा दोष नाही, तेच त्याचे काम आहे.

कोकण किनाऱ्यावर समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअस असते. त्यामुळे तिथे ३ मिलिमीटर जाडीचा सूट किंवा गुडघ्यापर्यंतचा आखूड सूट पुरतो. थंड पाण्यात ५ ते ७ मिलिमीटरचे सूट लागतात आणि ते चढवणे अधिक कठीण असते. तत्त्व मात्र एकच.

३. सूट अडकतो का? एक सोपे गणित

सूटचा पाय म्हणजे एक लवचिक नळी. तिचा मूळ घेर पायापेक्षा कमी असतो, त्यामुळे घातल्यावर ती ताणली जाते. नळीच्या दर मीटर लांबीमागे घेराच्या दिशेने जो ताण निर्माण होतो त्याला आपण परिघी ताण म्हणू. पातळ भिंतीच्या नळीचे सूत्र तुम्हाला माहीत आहे :

दाब = परिघी ताण ÷ त्रिज्या

हा दाब कातडीवर लंब दिशेने असतो. सूट सरकवायचा तर त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर मात करावी लागते :

घर्षण बल = घर्षण गुणांक × दाब × संपर्काचे क्षेत्रफळ

संपर्काचे क्षेत्रफळ म्हणजे ६.२८ × त्रिज्या × लांबी. दाबाची किंमत वरच्या सूत्रातून घातली की त्रिज्या निघून जाते आणि उरते :

घर्षण बल = ६.२८ × घर्षण गुणांक × परिघी ताण × लांबी

या समीकरणात बदलता येण्यासारख्या दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत. परिघी ताण सूटच्या मापाने ठरतो, तो बदलता येत नाही. उरले घर्षण गुणांक आणि एका वेळी सरकणारी लांबी. घालण्या-काढण्याच्या सगळ्या युक्त्या या दोनांपैकी एक कमी करण्यासाठी असतात.

सोडवलेले उदाहरण : पायाची सरासरी त्रिज्या ७ सेंटिमीटर, सूट टेकलेली लांबी ७५ सेंटिमीटर, सूटचा दाब २ किलोपास्कल आणि घर्षण गुणांक ०.६ धरा.

परिघी ताण = २००० × ०.०७ = १४० न्यूटन प्रतिमीटर

(अ) पूर्ण पाय एकदम ओढल्यास : बल = ६.२८ × ०.६ × १४० × ०.७५ = सुमारे ३९६ न्यूटन. हे जवळजवळ ४० किलो वजन उचलण्याइतके आहे.

(आ) एका वेळी १० सेंटिमीटरचा भाग सरकवल्यास : बल = ६.२८ × ०.६ × १४० × ०.१० = सुमारे ५३ न्यूटन, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास.

(इ) पूर्ण पायावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी असल्यास आणि त्यामुळे गुणांक ०.२५ झाल्यास : बल = सुमारे १६५ न्यूटन.

उदाहरणातील किमती समजण्यासाठी घेतलेल्या आहेत. सूट, कातडी आणि ओलावा यांनुसार त्या बदलतील. पण (अ) आणि (आ) यांतील गुणोत्तर बदलणार नाही, कारण ते फक्त लांबीवर अवलंबून आहे.

आता (अ) मध्ये आणखी एक अडचण आहे. वरून ओढलेले बल खालपर्यंत पोहोचतच नाही. वाटेतला प्रत्येक सेंटिमीटर त्यातला थोडा वाटा घर्षणात घेतो. त्यामुळे वरचा भाग ताणला जातो, खालचा जागचा हलत नाही. शिवाय लवचिक नळी लांबीने ताणली की तिचा घेर कमी होऊ पाहतो. पॉयसन गुणोत्तराच्या धड्यात हेच शिकवतात. घेर कमी झाला की दाब वाढतो आणि दाब वाढला की घर्षण वाढते. म्हणजे वरून जितके जोरात ओढाल तितका सूट अधिक घट्ट पकडतो.

चुडीदार सलवार घालणाऱ्यांना हे सूत्र न मांडताही ठाऊक असते. घोट्यावर अरुंद असलेला चुडीदार कोणी कमरेला धरून ओढत नाही. पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात, पाय आत घालतात आणि कापड खालून थोडे थोडे वर सरकवतात. वेटसूटही तसाच चढवायचा.

४. घालण्यापूर्वीची तयारी

(१) अंग आणि सूट दोन्ही कोरडे असावेत. ते शक्य नसेल तर दोन्ही पूर्ण ओले असावेत. अर्धवट ओल्या, घामट कातडीवर निओप्रीन सर्वांत जास्त चिकटते. पूर्ण ओल्या स्थितीत पाण्याचा थर वंगणाचे काम करतो. त्यामुळे दुसऱ्या डुबकीसाठी ओला सूट पुन्हा घालायचा असेल तर तो कमरेइतक्या शांत पाण्यात उभे राहून घालणे सोपे जाते.

(२) अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, साखळी, मंगळसूत्र काढून सुरक्षित ठेवावे. लांब केस घट्ट बांधावेत.

(३) नखे कापलेली असावीत. कारण बलापेक्षा दाबाचे आहे. २० न्यूटनचे बल बोटाच्या मऊ भागाने, म्हणजे सुमारे २ चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर दिले तर दाब १०० किलोपास्कल येतो. तेच बल नखाच्या अडीच चौरस मिलिमीटर कडेवर आले तर दाब ८ मेगापास्कल होतो, म्हणजे ८० पट. निओप्रीनवर दिसणाऱ्या चंद्रकोरीसारख्या चिरा बहुधा नखांच्याच असतात. सूट नेहमी बोटांच्या मऊ भागाने चिमटीत धरावा.

(४) आत पोहण्याचा अंगाला बसणारा पोशाख किंवा लायक्राचा पातळ बनियन घालावा. सुती टी-शर्ट घालू नये. त्याच्या चुण्या पडतात, पाणी शोषले जाते आणि काखेत कातडी सोलवटते.

(५) वंगण हवे असल्यास पाण्यात विरघळणारे वापरावे. पेट्रोलियम जेली, खनिज तेल किंवा त्यांपासून बनवलेली मलमे निओप्रीन आणि त्याचे सांधे खराब करतात. भाड्याच्या सूटवर काहीही लावण्यापूर्वी देणाऱ्याला विचारावे.

(६) दोन पातळ, न फाटलेल्या प्लॅस्टिक पिशव्या जवळ ठेवाव्यात. काम झाल्यावर त्या खिशात किंवा बॅगेत परत जायला हव्यात, समुद्रात नव्हे.

(७) शक्यतो किनाऱ्यावर बसून सूट घालावा. हलत्या बोटीवर एका पायावर उभे राहून सूट ओढणे म्हणजे पडण्याची तयारी करणे.

५. घालण्याचा क्रम

पायरी १. चेन पूर्ण उघडा. बहुतेक भाड्याच्या सूटची चेन पाठीवर असते आणि तिला लांब दोरी असते. चेन पाठीकडे, गुडघ्याच्या जाड पट्ट्या पुढे, हे आधी पाहून घ्या. त्यानंतर सूट कमरेपर्यंत उलटा करून खाली दुमडा.

पायरी २. बाकावर बसा. पावलावर पिशवी चढवा आणि पाय सूटच्या तोंडातून टाचेपलीकडे बाहेर काढा. टाच हा सर्वांत रुंद अडथळा आहे. तो एकदा पार झाला की पिशवी काढून दुसऱ्या पायाला वापरा. घोट्याची कड हाडाच्या किंचित वर ठेवा. ही तिची शेवटची जागा, ती नंतर बदलायची नाही.

पायरी ३. आता खालून वर. घोट्यापाशी दोन्ही हातांनी चिमूट धरून थोडे कापड पोटरीवर आणा. मग पोटरीवरचे गुडघ्याकडे. एका वेळी वीतभर किंवा त्याहून कमी. दोन्ही पाय समान उंचीवर ठेवत आळीपाळीने पुढे जा. एक पाय मांडीपर्यंत आणि दुसरा घोट्याला, असे केल्यास सूट पिळला जातो.

पायरी ४. मांडी आणि जांघ. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. सूटचा जांघेतला जोड अंगाला पूर्ण टेकला पाहिजे. तिथे चार-पाच सेंटिमीटर पोकळी राहिली तर तेवढे कापड वर खांद्यांना कमी पडते. मग खांदे खाली ओढले जातात, छाती आवळते, चेन बंद होत नाही आणि गळ्याची कड कंठावर येते. वर दिसणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ खाली असते. म्हणून खांद्याशी झगडण्यापूर्वी पुन्हा घोट्यापासून सुरुवात करून उरलेले कापड वर आणा. दोन-तीन उठाबशा काढल्या की जोड जागेवर बसतो.

पायरी ५. नितंब आणि कंबर. इथे पुढून व मागून समान ओढा. कमरेच्या वर मात्र इतक्यात जाऊ नका. पाण्यात उतरायला वेळ असेल तर सूट इथेच, कमरेशी दुमडून ठेवा.

पायरी ६. बाह्या. हातावर पिशवी चढवा आणि मनगट आधी पार करा. पायासारखेच मनगटापासून कोपर, कोपरापासून दंड, दंडापासून काख या क्रमाने कापड वर आणा. काखेत पोकळी राहू देऊ नका. दोन्ही हात वर करून पाहा. खांद्यावर ओढ जाणवली तर बाहीचे कापड अजून खालीच आहे.

पायरी ७. चेन. खांदे मागे घेऊन छाती पुढे काढा, म्हणजे पाठीच्या दोन्ही कडा जवळ येतात. सोबत्याने एका हाताने चेनचे खालचे टोक धरून ठेवावे आणि दुसऱ्या हाताने सरळ वर ओढावे. आतला पोशाख, केस किंवा कातडी दातांत येत नाही ना ते पाहावे. चेन अडली तर जोर लावू नये. थोडी खाली घेऊन कडा जुळवाव्यात.

पायरी ८. मानेवरचा वेल्क्रो शेवटी लावा. त्याची खरखरीत बाजू कातडीला लागू नये, अन्यथा अर्ध्या तासात मान लाल होते.

६. माप बरोबर आहे का?

सूट घट्ट असणे आणि तो लहान असणे यांत फरक आहे. तपासणी अशी करा :

- दीर्घ श्वास पूर्ण घेता येतो का?
- दोन्ही हात डोक्यावर नेता येतात का?
- उकिडवे बसता येते का?
- आवंढा गिळताना गळ्यावर अटकाव जाणवतो का?
- कमरेच्या मागे, काखेत किंवा जांघेत हवेची पोकळी आहे का?

पहिल्या तिन्हींचे उत्तर 'हो' आणि शेवटच्या दोन्हींचे 'नाही' असावे.

गळ्याकडे विशेष लक्ष का द्यायचे, हेही वरच्या सूत्रात आहे. दाब म्हणजे ताण भागिले त्रिज्या. छातीची त्रिज्या १५ सेंटिमीटर आणि मानेची ६ सेंटिमीटर धरली, तर तेवढ्याच परिघी ताणाने मानेवर अडीचपट दाब येतो. मानेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्तदाबाची जाणीव ठेवणारे स्थान असते. तिथे बाहेरून दाब आला की शरीराला रक्तदाब वाढल्याचा भास होतो. मग हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, डोके हलके होते आणि क्वचित शुद्धही हरपते. जमिनीवर ही भोवळ असते, पाण्यात तो जीवाचा प्रश्न होतो. म्हणून गळा आवळणारा सूट 'पाण्यात गेल्यावर सैल होईल' असे म्हणून घालू नये. दुसरा मागावा.

दुसऱ्या मापाचा सूट मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वेटसूटची मापे कंपनीगणिक वेगळी असतात आणि ती ठराविक शरीरबांध्यावरून काढलेली असतात. सूट चढत नसेल तर चूक मापाची आहे, शरीराची नाही. सहलीत गटाने गेल्यावर मित्र हसतील म्हणून लहान सूटमध्ये स्वतःला कोंबणारे विद्यार्थी असतात. नेमका त्यांनाच पुढे पाण्यात श्वास कोंडल्यासारखा वाटतो.

७. बोटीवरची उष्णता

उष्ण प्रदेशात वेटसूटचा एक धोका पाण्याबाहेरचा आहे. शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने. बंद सूटमध्ये घाम येतो पण वाळत नाही.

अंदाज काढू. माणसाचे वस्तुमान ७० किलो, शरीराची विशिष्ट उष्णता ३.५ किलोजूल प्रतिकिलो प्रतिअंश आणि सामान उचलताना निर्माण होणारी उष्णता ३०० वॅट धरा. यातली काहीच उष्णता बाहेर गेली नाही असे मानले, तर १० मिनिटांत १८० किलोजूल साठतील. तापमानवाढ = १८० ÷ (७० × ३.५) = सुमारे ०.७ अंश. प्रत्यक्षात काही उष्णता बाहेर जातेच, पण काळ्या सूटवर पडणारे ऊन आपण धरलेले नाही.

म्हणून नियम असा : सूट कमरेपर्यंत आधी, वरचा भाग व चेन पाण्यात उतरण्याच्या अगदी आधी. सूचना ऐकणे, वजनाचा पट्टा बांधणे, फोटो काढणे हे सगळे चेन लावण्यापूर्वी. उशीर होत असेल तर चेन उघडा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता. डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवली तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका.

८. पाण्याखाली घट्टपणाचे काय होते?

किनाऱ्यावर घट्ट वाटलेला सूट खोलीवर थोडा सैल का वाटतो? उत्तर बॉइलच्या नियमात आहे. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो आणि फेसातले बुडबुडे दबतात.

यासाठी तमिळनाडूतील एक ठिकाण घेऊ. तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले गाव. तिथून पूर्वेकडे कावेरी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, तिथे पूम्पुहार हे प्राचीन बंदर आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या पुढाकाराने या किनाऱ्याजवळ समुद्राखालील संशोधन केले. १९९० च्या दशकात तिथे सुमारे २३ मीटर खोलीवरील एका रचनेची पाहणी डायव्हरांनी केली.

२३ मीटरवर एकूण दाब सुमारे ३.३ वातावरण असतो. म्हणजे तापमान तेच धरल्यास बुडबुड्यांचे आकारमान मूळच्या १ ÷ ३.३, सुमारे ३० टक्के उरते. सूट पातळ होतो, त्याची ऊब कमी होते आणि तरणशक्तीही घटते. किनाऱ्यावरच ढगळ असलेला सूट अशा खोलीवर निरुपयोगी ठरतो. मालवणच्या उथळ डुबकीत हा फरक कमी असतो, पण तत्त्व तेच. गळ्याच्या बाबतीत मात्र यावर विसंबू नये, कारण डुबकीची सुरुवात आणि शेवट पृष्ठभागावरच होतो.

९. काढण्याचा क्रम

काढताना माणूस थकलेला असतो, बोटे सुरकुतलेली असतात आणि सूट सर्वत्र चिकटलेला असतो. इथे नियम उलटा होतो : सूट सरकवायचा नाही, उलटायचा.

बाहीचे टोक धरून ओढले तर काय होईल हे कलम ३ मध्ये पाहिले. नळी लांब होते, अरुंद होते आणि पकड वाढते. त्याऐवजी वरची कड खाली उलटवली तर एका वेळी फक्त घडीपाशी असलेला कडीएवढा भाग कातडीपासून सुटतो. उलटलेला थर कातडीवर नव्हे, सूटच्याच बाहेरच्या गुळगुळीत कापडावर सरकतो. प्रयोगशाळेतला रबरी हातमोजा आपण असाच काढतो.

पायरी १. उथळ पाण्यात किंवा नळाखाली गळ्यातून थोडे पाणी आत सोडा. पाण्याचा थर वंगण होतो. थंडी वाजत असेल तर मात्र आधी आडोसा पाहा.

पायरी २. वेल्क्रो सोडा, चेन पूर्ण खाली घ्या. चेन अर्धी उघडून खांदे काढण्याचा प्रयत्न केल्यास ती फाटते.

पायरी ३. एक खांदा मोकळा करा आणि बाही कोपरापर्यंत उलटी करत आणा. मनगटाच्या कडेत दुसऱ्या हाताचा अंगठा घालून ती रुंद करा आणि हात बाहेर काढा. त्यानंतरच दुसरी बाही. दोन्ही बाह्या एकाच वेळी मागे ओढल्यास दोन्ही हात पाठीमागे अडकतात. हलत्या बोटीवर तोल गेला तर टेकायला हात उरत नाही.

पायरी ४. सूट पोट, कंबर, नितंब असा उलटत मांडीपर्यंत आणा. आता बसा.

पायरी ५. दोन्ही पाय आळीपाळीने घोट्यापर्यंत उलटवा. टाचेवर अंगठे घालून कड रुंद करा आणि ती टाचेवरून उतरवा. सोबत्याला सूट ओढायला सांगितल्यास तुम्ही बाक घट्ट धरा आणि त्याने झटके न देता ओढावे.

ट्रायथलॉनमध्ये हाच क्रम घड्याळाशी स्पर्धा करत पाळावा लागतो. 'आयर्नमॅन' स्पर्धांत पाण्याचे तापमान २४.५ अंशांपर्यंत असेल तर सामान्य गटांतील स्पर्धकांना वेटसूटला परवानगी असते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेल्या अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत समुद्र याहून उबदार असतो. त्यामुळे पुण्या-कोल्हापूरकडच्या अनेक स्पर्धकांना वेटसूटचा खरा वापर युरोपातल्या थंड तळ्यांतच करावा लागतो. ते पाण्यातून बाहेर पडून धावतानाच, आत पाणी असेपर्यंत, चेन उघडून सूट कमरेपर्यंत उतरवतात. कारण तेच : वंगण निथळून जाण्यापूर्वी काम उरकणे. या क्रमाचा सराव स्पर्धेपूर्वी घरी करून ठेवावा.

१०. आणीबाणीत

सूट घातलेल्या व्यक्तीला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, छातीत दुखू लागले किंवा भोवळ आली, तर पाण्याबाहेर आणताच प्रथम वेल्क्रो सोडून चेन उघडा. पूर्ण सूट काढण्याची वाट पाहू नका. व्यक्ती बेशुद्ध असेल आणि छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवन करायचे असेल, तर ते लगेच सुरू करा. सूट काढण्यासाठी ते थांबवू नका. छाती मोकळी करणे आवश्यक असेल तर सूट बोथट टोकाच्या कात्रीने सरळ कापावा. सूटच्या किमतीचा विचार त्या क्षणी करायचा नसतो.

११. निगा

पुढच्या वेळी सूट सहज चढावा म्हणून आज एवढे करा. गोड्या, थंड पाण्यात आतून-बाहेरून धुवा, कारण मीठ वाळले की कापड आणि चेन दोन्ही ताठरतात. गरम पाणी वापरू नका. आधी उलटा, मग सुलटा करून सावलीत वाळवा. ऊन निओप्रीनला ठिसूळ करते. तारेच्या हँगरवर टांगू नका, रुंद खांद्याच्या हँगरवर ठेवा किंवा कमरेत एकदाच दुमडा. चेनवर अधूनमधून मेण फिरवा.

१२. सारांश

- सूट सरकवण्याचे बल एका वेळी सरकणाऱ्या लांबीच्या आणि घर्षण गुणांकाच्या प्रमाणात असते.
- घालताना : खालून वर, थोडे थोडे, बोटांच्या मऊ भागाने. जांघेत पोकळी ठेवू नये.
- काढताना : वरून खाली, उलटवत, एका वेळी एक बाही.
- त्याच ताणाला मानेवर छातीपेक्षा जास्त दाब येतो. गळा आवळणारा सूट नाकारावा.
- चेन पाण्यात उतरण्यापूर्वी शेवटी लावावी.
- त्रास झाल्यास सर्वप्रथम चेन उघडावी.

स्वाध्याय

१. बाहीची सरासरी त्रिज्या ४ सेंटिमीटर, लांबी ५० सेंटिमीटर, दाब २.५ किलोपास्कल आणि घर्षण गुणांक ०.५ आहे. पूर्ण बाही एकदम सरकवण्यासाठी आणि ८ सेंटिमीटरचा भाग सरकवण्यासाठी लागणारे बल काढा. (उत्तर : सुमारे १५७ न्यूटन व २५ न्यूटन)

२. घर्षण बलाच्या अंतिम सूत्रात त्रिज्या का येत नाही? परिघी ताणाऐवजी दाब स्थिर धरल्यास काय बदल होईल?

३. एका विद्यार्थ्याची चेन पाठीच्या मध्यावर अडली आहे आणि गळा आवळत आहे. सूट मात्र योग्य मापाचा आहे. अडचण कुठे असण्याची शक्यता आहे आणि तुम्ही ती कोणत्या क्रमाने दूर कराल?

४. १० मीटर खोलीवर निओप्रीनमधील बुडबुड्यांचे आकारमान मूळच्या किती पट होईल? (उत्तर : सुमारे निम्मे)

५. चुडीदार, रबरी हातमोजा आणि सायकलच्या हँडलची रबरी मूठ या तीन वस्तू चढवताना व काढताना घर्षण कमी करण्यासाठी काय करतात ते लिहा. प्रत्येकात लांबी कमी होते की घर्षण गुणांक, ते सांगा.